कराडची उत्तरं

(चामोर्शी, फेब्रुवारी २००३. रविवारची संध्याकाळ, बाहेर अजून उजेड आहे. गॅसवर भाताच्या गंजावरचं झाकण थडथडायला लागतं.)

सुरेंद्र : झाकण सरकव. भात उतू जाऊन राह्यला.

दामिनी : सरकवते. चला, मी बसमधून उतरल्यापासून हे तुमचं पहिलं वाक्य.

सुरेंद्र : बोलाचं खूप हाय. मोनाली शेजारी कुंताबाईकडे टीव्ही पायत बसली हाय, ती घरी याच्या आधी बोलून घेऊ. बस इथी.

दामिनी : बसले. बोला.

सुरेंद्र : आज कुठी गेलती?

दामिनी : सकाळी सांगूनच गेले ना. चंद्रपूरला. शाळेच्या कामानं.

सुरेंद्र : दर रविवारी शाळेचं काम निघते?

दामिनी : कॉम्प्युटरची मॅडम मी एकटीच आहे. काम निघणार कोणाचं?

सुरेंद्र : गडचिरोली एका घंट्यावर हाय. तिथी बी आता नेटचा कॅफे झाला. तो सोडून मूल गावावरून अडीच घंटे धक्के खात चंद्रपूर काऊन?

दामिनी : तिथलं मशीन बरं चालतं.

सुरेंद्र : मशीन. बरं. चैतू कंडक्टर काय सांगते माहीत हाय? म्हणते, वहिनी डबा मांडीवर धरून बसते. खिडकीची जागा भेटली तरी दोन्ही हातानं डबा धरून. मी म्हणलं वहिनीनं दही नेलं का काय, सांडाची भीती असन.

दामिनी : चैतूभाऊंनी तिकिटं फाडावी.

सुरेंद्र : तो तिकिटंच फाडते. डबा मी उघडला. आता, तू हात-पाय धुवाले गेलती तवा. त्यात पोळी नाई, भाजी नाई. हे दहा काळे चौकोन हायेत.

दामिनी : फ्लॉप्या आहेत. बसमध्ये धूळ येते, म्हणून स्टीलच्या डब्यात नेते.

सुरेंद्र : त्यात काय हाय?

दामिनी : शाळेचं आहे.

सुरेंद्र : दामिनी, मी काय काम करतो?

दामिनी : हे काय विचारणं झालं?

सुरेंद्र : सांग तं.

दामिनी : टेलिफोनमध्ये लाइनमन आहात.

सुरेंद्र : हाव. आन् कोलूभाऊ रिटायर झाला तसा जानेवारीपासून आष्टी रोडचा भाग माह्याकडे आला. शुक्रवारी मी शाळेच्या खांबावर चढलो. कोणाची तक्रार नोयती. नवा भाग हाय, कोणती तार कुठून कुठी जाते पाहून घ्याव म्हणलं. शाळेच्या तारांच्या जोडीवर टेस्टचा फोन लावला. काहीच नाई. टोन नाई, खरखर नाई. मेलेली लाइन. खाली उतरून पायलं तं रस्त्याच्या कामात केबल उपटलेली, टोकं गंजून हिरवी पडलेली. रस्ता खोदला आषाढात. आता होळी येऊन राह्यली. हापिसात येऊन तक्रारीचं रजिस्टर काढलं. शाळेची तक्रार नाई. एक बी नाई. आन् गुणवंतरावच्या शाळेच्या गेटावर हातभर बोर्ड हाय. तालुक्यातली पहिली इंटरनेट शाळा. मंग मले सांग, सात महिने तू पोट्ट्याईले इंटरनेट कायच्यावर शिकवून राह्यली?

दामिनी : भाताखालचा गॅस कमी करू का?

सुरेंद्र : केला मी. सांग.

दामिनी : तुम्ही हे कोणाला बोललात?

सुरेंद्र : तुलेच बोलून राह्यलो ना पह्यले. शुक्रवारपासून पोटात घेऊन बसलो हावो. अवं, मोनाली घरी येऊन आवाज काढून दाखवते. कुईं कुईं, खर्रर्र. म्हणते, बाबा, असा आवाज आला का आम्ही जगाले जोडल्या जातो. लाइन मेली हाय तं तो आवाज कुठून येते?

दामिनी : तो मी लावते.

सुरेंद्र : लावते म्हणजे?

दामिनी : लाइन चालू होती तेव्हा एकदा धरून ठेवला होता. फाइल आहे त्याची. तास सुरू झाला की स्पीकरवर लावते.

सुरेंद्र : म्हणजे पुजारी गावाले गेला का टेपावर आरती लावते, तसं.

दामिनी : हसा तुम्ही.

सुरेंद्र : मी हासून नाई राह्यलो.

दामिनी : ऐका मग. जूनमध्ये लाइन होती. खरी होती. गुणवंतराव सरांनी पालकसभेत आराखडा वाचला, पाच वर्षांचा. पहिल्या वर्षी आठ मशीन आणि इंटरनेट, दुसऱ्या वर्षी अमुक, तिसऱ्या वर्षी तमुक. रंगीत छापून घरोघरी दिला. बोर्ड लागला आणि त्याच्या आठव्या दिवशी जेसीबीनं केबल उपटली. मी म्हटलं, सर, पालकांना सांगून टाकू. ते म्हणाले, दोन आठवड्यांची तर गोष्ट आहे मॅडम. पलीकडच्या कॉन्व्हेंटनं लॅबमध्ये एसी बसवायला घेतला आहे. आपली लाइन गेली हे कळलं तर अर्धी पोरं तिकडे जातील.

सुरेंद्र : तक्रार काऊन नाई केली?

दामिनी : तक्रार केली की तुमच्या हापिसातून गावभर होणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणाले, रस्त्याचं काम सगळं संपू द्या, मग एकदाच नवी लाइन मागू. तोवर तुम्ही बाहेरून पानं घेऊन या. म्हणून मी दर रविवारी जाते. हत्तीचं पान, ग्रहांचं पान, कांगारूचं पान, कॅफेत उघडायचं, फ्लॉपीवर घ्यायचं, सोमवारी सकाळी शिपाई यायच्या आधी आठही मशीनवर चढवायचं. पोरं जिथं बोट ठेवतात तिथं मी आधी जाऊन आलेली असते.

सुरेंद्र : आन् दुसरीकडे ठेवलं तं?

दामिनी : साइट बंद आहे म्हणते.

सुरेंद्र : गडचिरोली काऊन नाई?

दामिनी : तिथं पालक भेटतात.

सुरेंद्र : हे सारं मले सांगता नाई आलं तुले? सात महिने. मी तुहा नवरा, वरतून लाइनमन. माह्याएवढा कामाचा माणूस तुले या गावात दुसरा कोण भेटला असता?

दामिनी : म्हणूनच नाही सांगितलं. सर म्हणाले, एक वेळ जगाला सांगा, सुरेंद्रभाऊला नको. नोकरीचा शब्द त्यांनी असा काढलाच नाही. फक्त म्हणाले, मॅडम, तुमच्या हाताखाली दुसरी कोणी तयार करून ठेवावी का?

सुरेंद्र : तं गुणवंतरावचं तू ऐकलं. माहं नाई ऐकलं.

दामिनी : तुम्ही कधी विचारलं? तुम्ही मला काही विचारत नाही. तुम्ही फक्त बघत असता.

सुरेंद्र : बरं. आतं विचारतो. हत्ती आन् कांगारू फ्लॉपीवर घ्याले किती वेळ लागते?

दामिनी : लागतो. लाइन हळू असते.

सुरेंद्र : किती?

दामिनी : दीड घंटा.

सुरेंद्र : तू साडेतीन घंटे बसते.

दामिनी : हे कोणी सांगितलं? चैतूभाऊ काय कॅफेत पण येतात?

सुरेंद्र : मी गेलतो. मागच्या रविवारी. तुह्या मांगच्या बसनं. समोर चहाची टपरी हाय. तिथी बसलो. कॅफेत खोपटं केलेत प्लायवूडचे, आन् त्याले पडदे. नेटच्या दुकानाले पडदे कायले लागते? तू चौथ्या खोपट्यात. पडद्याच्या खालून तुह्या चपला दिसत होत्या, त्या तपकिरी पट्ट्याच्या. साडेतीन घंटे मी त्या चपला पायल्या.

दामिनी : दुसऱ्या कोणाच्या चपला दिसल्या का तिथं?

सुरेंद्र : नाई.

दामिनी : मग?

सुरेंद्र : तू हासली. दोनदा. बाहेर आयकू आलं मले. घरी तू महिन्यात एवढी हासत नाई.

दामिनी : तुम्ही चहा पीत साडेतीन घंटे बसलात, आणि आत येऊन पडदा बाजूला नाही केला?

सुरेंद्र : नाई केला.

दामिनी : काऊन?

सुरेंद्र : केला असता तं काय दिसलं असतं, मले माहीत नोयतं ना. आन् तुही वही पायली मी. तिच्याबद्दल बी खोटं नको सांगू आतं. 'ओंकार. पायाला लागलं होतं, विसरू नये. ओंकार फार बोलत नाही, जपून लिहिणे.' कोण हाय हा ओंकार?

दामिनी : दहा वर्षांचा आहे तो.

सुरेंद्र : दामिनी.

दामिनी : चौथीत आहे. कराडला. त्याच्या आजोबांचं गुऱ्हाळ आहे. पुढची पानं नाही वाचलीत?

सुरेंद्र : पुढं बी नावं होती.

दामिनी : बावीस आहेत. पार्थ, सानिका, ऋजुता, अथर्व. एका बाईची बावीस भानगडी असतील, असं वाटलं तुम्हाला?

सुरेंद्र : मी पह्यल्या पानावरच अटकलो.

दामिनी : बघा. बघता तेही पूर्ण बघत नाही.

सुरेंद्र : कराडच्या पोट्ट्याईशी तुहं काय?

दामिनी : मागच्या उन्हाळ्यात पुण्याला शिबिर होतं ना मॅडम लोकांचं, तिथं कराडच्या एक बाई भेटल्या. आमचं ठरलं, त्यांची चौथी आणि आपली चौथी, पोरांनी एकमेकांना ई-मेल लिहायचे. एकाला एक मित्र. जूनमध्ये पहिली पत्रं इथूनच गेली, लॅबमधून. मग लाइन गेली. मी पोरांची पत्रं फ्लॉपीवर नेऊन चंद्रपूरहून पाठवायला लागले, आलेली उत्तरं घेऊन यायला लागले. पोरांना वाटे, सोमवारी बटण दाबलं आणि पत्र क्षणात गेलं. ते रविवारपर्यंत माझ्या डब्यात असे.

सुरेंद्र : पोस्टमनकीच झाली.

दामिनी : तेवढीच असती तर बरं होतं. दिवाळीनंतर त्या बाईंचं लग्न झालं, नोकरी सोडून गेल्या. उत्तरं बंद. पहिला रविवार रिकामा. दुसरा रिकामा. मी पोरांना सांगे, तिकडे परीक्षा असेल. तिसऱ्या सोमवारी दिनेश माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

सुरेंद्र : कोण दिनेश?

दामिनी : भामरागडकडचा. मामा इथं फॉरेस्टात वॉचर आहे, त्याच्याकडे राहतो. आईला, सुकरीबाईला, लिहिता येत नाही. त्याच्या नावानं कागदावर काही येतं ते ओंकारचंच. मला म्हणाला, मॅडम, मी काही चुकीचं लिहिलं का? ओंकारला मी सांगितलं होतं की आमच्याकडे पावसात रस्ता बंद होतो. त्याच्यानं तो रागावला का? मग मी एक लिहिलं. एकच. 'दिनेश, मी रागावलो नाही, माझ्या पायाला लागलं होतं म्हणून उशीर झाला.' छापून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते शर्टाच्या आत घातलं.

सुरेंद्र : आन् बाकीच्याईनं पायलं.

दामिनी : बाकीच्यांनी पाहिलं. बावीस पोरं आहेत वर्गात. एकाला आलं आणि एकवीस जणांना नाही, असं कसं चालेल?

सुरेंद्र : तं बावीस उत्तरं तू लिवते.

दामिनी : दर रविवारी. आधी पोरांची खरी पत्रं कराडच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते, न जाणो कोणी उघडलं तर. कोणी उघडत नाही. मग बसते. कोणाला कुत्रा आहे, कोणाची बहीण आजारी, कोणी मागच्या वेळी काय सांगितलं, ते विसरू नये म्हणून वही. घरी मशीन नाही, शाळेत सर पाठीमागे येऊन उभे राहतात. त्यांना पानांचं माहीत आहे, पत्रांचं नाही. मला ते पडद्याचं खोपटंच बरं पडतं. तिथं मला कोणी हाक मारत नाही.

सुरेंद्र : मोनाली चौथीतच हाय.

दामिनी : हो.

सुरेंद्र : तिची ती ऋजुता. सकाळ-संध्याकाळ ऋजुता असं म्हणते, ऋजुता तसं म्हणते. परवा वेणी तशी नको घालू म्हणे, ऋजुतासारखी घाल.

दामिनी : दोन पत्रं खरी आहेत तिची. दिवाळीच्या आधीची.

सुरेंद्र : आन् नंतरची?

दामिनी : माझी.

सुरेंद्र : अवं, पोटची पोरगी हाय ती.

दामिनी : मला माहीत आहे.

सुरेंद्र : बाकीच्याईचं एक वेळ समजतो मी. मास्तरकी हाय, पोट्टे रडाले नको, ठीक. पण ती इथी, या घरात, तुह्या बाजूले झोपते. तिले तू दुसऱ्याचं नाव घेऊन लिवते?

दामिनी : तिला एकटीला नाही कसं म्हणू? बावीस जणांत ती पण आहे.

सुरेंद्र : ते नको सांगू. तुले आवडते ते. सांग, आवडते का नाई?

दामिनी : आवडतं. ती मला शाळेत मॅडम म्हणते आणि घरी आई म्हणते, दोन्हीकडे गप्पच असते. ऋजुताला सगळं लिहिते. तुम्ही ज्याला हसणं म्हणता ना, मागच्या रविवारचं, ते तिचं पत्र होतं. 'आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडम फार कडक आहेत. पण त्या आमच्याच घरी राहतात, त्यामुळे मला त्यांची तक्रार कोणाकडेच करता येत नाही.'

सुरेंद्र : असं लिवलं?

दामिनी : असंच.

सुरेंद्र : आन् आज काय लिवलं?

दामिनी : ते राहू द्या.

सुरेंद्र : काऊन? आज आल्यापासून तुहा चेहरा पायतो मी. आज हासली नाई तू.

दामिनी : ते तिचं आहे. तिनं विश्वासानं लिहिलं आहे.

सुरेंद्र : कोणाच्या विश्वासानं? तू वाचतेच ना? मंग बापालेच कायले लपवाचं? का त्यात आणखी काही हाय?

दामिनी : पुन्हा सुरू झालं तुमचं.

सुरेंद्र : दाखव तं मले.

दामिनी : दाखवायला फ्लॉपी उघडावी लागेल. पाठ आहे मला. ऐकायचंच आहे?

सुरेंद्र : हाव.

दामिनी : 'प्रिय ऋजुता, तुझे बाबा तुझ्या आईची पिशवी बघतात का? माझे बघतात. ती आंघोळीला गेली की उघडतात आणि सगळं परत तसंच ठेवतात. मी झोपल्यासारखं करते. मागच्या रविवारी आई चंद्रपूरला गेल्यावर बाबा मला कुंताकाकूकडे ठेवून कुठेतरी गेले. मला म्हणाले, आईला सांगू नको. मी सांगितलं नाही. तुला सांगते, कारण तू कोणाला सांगणार नाही.' तुम्ही आता म्हणालात, डबा आज उघडला.

सुरेंद्र : भात उतरव. बुडाले लागन.

दामिनी : उतरवला. दिवाळीपासून उघडता आहात का?

सुरेंद्र : संक्रांतीपासून.

दामिनी : बरं.

सुरेंद्र : मी तुही पिशवी उघडली. तू तं पोरीचं मन उघडून बसली. माह्यात आन् तुह्यात काय फरक हाय?

दामिनी : माहीत नाही मले. मी आज बसमध्ये तेच मोजत आली. मूलपर्यंत वाटलं फरक आहे. मूलच्या पुढं नाही वाटला.

सुरेंद्र : रागात आली का लहानपणची, बाबूपेठेची बोली निघते तुही.

दामिनी : राग नाही आहे हा.

सुरेंद्र : मले बी एक सांगाचं हाय. शुक्रवारी हापिसात मीच कागद टाकला. शाळेच्या जोडीसाठी. नवी केबल पडून होतीच गोदामात. साहेबानं सही केली. मंगळवारी जोड माराचा हाय. मले वाटलं, लाइन जिती झाली का तुले रविवारचं निमित्त राहणार नाई. मंग पाहू कशी जाते.

दामिनी : मंगळवारी नको.

सुरेंद्र : आतं काऊन नको? खोटं संपते ना सारं. आवाज खरा, हत्ती खरा.

दामिनी : आणि कराड?

सुरेंद्र : कराडचं काय?

दामिनी : लाइन आली की पोरं स्वतः ई-मेलची पेटी उघडतील. माझी पत्रं पेटीत कधी आलीच नाहीत, मी फक्त कागदावर वरती 'ऋजुताकडून' असं टाइप करून छापून आणते. खरी पेटी उघडली की रिकामी. दिवाळीपासून रिकामी. बावीस जण एकाच तासात गप्प झालेले दिसतील त्यांना. आणि मग दिनेश विचारेल, हा कागद कुठून आला?

सुरेंद्र : तं बावीस पेट्या काढ तिथी खोट्या नावाच्या. तुले येते ते.

दामिनी : येतं. पण तेवढं खोटं माझ्यानं नाही होणार.

सुरेंद्र : बावीस पोट्टे होऊन लिवाचं होते, आन् पेटी काढाची नाई होत?

दामिनी : नाही होत. का ते विचारू नका. मला फक्त एक रविवार द्या. पुढचा. प्रत्येकाचं एक शेवटचं पत्र लिहिते. कोणाचे बाबा बदलून दुसऱ्या गावी चालले, कोणाची शाळा बदलली, कोणी म्हणेल आता परीक्षेचा अभ्यास. सरळ निरोप घेतील. मग सोमवारी मारा तुमचा जोड.

सुरेंद्र : म्हणजे मी कागदावर लिवू का सामान नाई आलं.

दामिनी : हो.

सुरेंद्र : गुणवंतरावच्या खोट्यात तू. तुह्या खोट्यात मी.

दामिनी : गुणवंतरावांसाठी मागत नाही आहे मी.

सुरेंद्र : माहीत हाय कोणासाठी. एक अट हाय.

दामिनी : काय?

सुरेंद्र : पुढच्या रविवारी मी बी येईन.

दामिनी : टपरीवर बसायला?

सुरेंद्र : आत.

दामिनी : आत खुर्ची एकच असते.

सुरेंद्र : उभा राहीन. खांबावर दोन दोन घंटे उभा राह्यतो मी.

दामिनी : म्हणजे अजून विश्वास नाही बसला.

सुरेंद्र : चपला पाहून साडेतीन घंटे काढले, एका संध्याकाळी बसते का? पाहू दे मले. तू लिव, मी पाहतो. ओंकारचं मले लिवू देजो. त्याचा आजा गुऱ्हाळवाला ना? त्याले विचारतो, काकवी गरम राह्यते तवा पोट्ट्याईले वाटीत देतेत का.

दामिनी : विचारायचं नाही. ओंकार तुम्ही आहात. सांगायचं.

सुरेंद्र : हाव. ते बी खरंच. थांब, फाटक वाजलं. मोनाली आली. डोळे पूस.

मोनाली : आई, कुठे आहे तू? आई, ऐक ना. अमरदादा परवा साताऱ्याला जाणार, नोकरीवर.

दामिनी : कुंताकाकूंचा अमर? हो, सुट्टी संपली असेल त्याची. चप्पल बाहेर काढ.

मोनाली : काढली. आणि तो म्हणे, मी कराडवरूनच जातो. गाडी बदलायला थांबतो तिथं दोन तास. मी म्हटलं, तिथं माझी मैत्रीण आहे. काकूनं मला चारोळी दिली, ही बघ, एवढी. ऋजुतानं चारोळी कधी पाहिलीच नसेल ना? मी पुडा पण बांधला.

सुरेंद्र : बेटा, पोस्टानं पाठवू आपण. अमरले कायले तरास?

मोनाली : त्रास नाही ना बाबा, तोच म्हणाला. शाळेत जाऊन हातात देतो म्हणाला. शाळेचं नाव माहीत आहे मला, पहिल्या पत्रावर होतं. पण तो म्हणते, पुड्यावर मोठ्या माणसाचं नाव पाहिजे. लहान पोरांच्या नावानं आणलेलं शिपाई आत नेत नाही.

सुरेंद्र : तिच्या बापाचं नाव टाक मंग.

मोनाली : ते नाही माहीत. तिच्या पत्रात बाबा कधी येतच नाहीत.

सुरेंद्र : येत नाई?

मोनाली : नाही. आईच असते नुसती. तिची आई तिला जवळ घेऊन वेणी घालते. कधी ओरडत नाही. आणि ती काही पण बोलली ना, तर सगळं ऐकून घेते. रागावत नाही.

दामिनी : मोनू, आधी हातपाय धू.

मोनाली : धुते ना, नाव तर सांग. मी पेन आणला. शाई वाळायला पाहिजे, अमरदादा बॅग भरून राह्यला. तू मॅडम आहेस, तुला सगळ्यांचं माहीत असतं. आई, ऋजुताच्या आईचं नाव काय आहे?